पुण्याची लॉज आणि तिची सनद

फ्रीमेसन म्हटलं की आपल्याकडे ‘भुताचा बंगला’ आठवतो. मला मात्र त्यांचा इतिहास जास्त रंजक वाटतो. पेशवाई बुडून पाचच वर्षं झाली होती. १८२३ साली मुंबई तोफखान्यातल्या गोऱ्यांनी पुण्यात ‘ओरायन इन द वेस्ट’ ही लॉज काढली. गंमत म्हणजे लंडनला तिचा पत्ताच नव्हता! १८३० साली हे उघड झालं. १८३३ला रीतसर सनद मिळून लॉज पुन्हा उभी राहिली.

पण नुसत्या सनदेवर संस्था जगत नाही. १८४३ला जेम्स बर्न्सने मुंबईत ‘रायझिंग स्टार’ लॉज काढून हिंदी लोकांना दार उघडलं. १९६१ला ‘ग्रँड लॉज ऑफ इंडिया’ झाली. म्हणूनच गोरे गेले तरी फ्रीमेसन इथे टिकले. शतकी परंपरा मिरवणाऱ्या आपल्या पुणेरी संस्थांनो, दार उघडं आहे ना?