चोरी सायकलची, हप्ते पगारातून

सायकलचा विमा म्हटलं की आजही ऐकणारा हसतो. ‘सायकलला कसला आलाय विमा? कुलूप लावा म्हणजे झालं!’ पण असा विमा आपल्याकडे होता, चांगला छापील कलमांसह होता. तो घेतला मात्र फार थोड्यांनी. असं का झालं, याविषयी आज थोडं बोलायचं आहे.

मोटारींची गोष्ट वेगळी. १९३९च्या मोटार वाहन कायद्यातली सक्तीच्या विम्याची कलमं १ जुलै १९४६ पासून लागू झाली. सायकलला इंजिन नाही, त्यामुळे ती या सक्तीतून सुटली, आणि ते योग्यच झालं. नगरपालिका सायकलवर कर घेत आणि बिल्ला देत. बिल्ला नसला किंवा रात्री दिवा नसला, तर दंड. पण बिल्ला म्हणजे कर भरल्याची खूण, एवढंच. सायकल चोरीला गेली की तिच्याबरोबर बिल्लाही जाई!

१ जानेवारी १९७३ पासून देशातल्या १०७ विमा संस्था चार सरकारी कंपन्यांत एकवटल्या. या कंपन्यांच्या घरगुती विम्यात आग, घरफोडी, दागिने, दूरचित्रवाणी संच अशा विभागांबरोबर एक विभाग चक्क ‘पेडल सायकल’चाही असे. आग, चोरी आणि अपघात यांपासून संरक्षण. शिवाय सायकलची धडक बसून कुणाला इजा झाली, तर ठरावीक मर्यादेपर्यंत तीही जबाबदारी.

खरी गंमत अपवादांच्या यादीत होती. सायकलला जोडलेल्या सुट्या वस्तू चोरीला गेल्या तर भरपाई नाही. त्यांच्याबरोबर सायकलही गेली असेल, तरच मिळेल. आता पुण्यात ज्यांनी सायकली दामटल्या, त्यांना विचारा. कुलूप शाबूत, सायकल जागच्या जागी, आणि डायनॅमो गायब! कधी घंटी, कधी पंप, कधी नुसती व्हॉल्व्ह ट्यूब. आपल्याकडचा भुरटा चोर नेमका त्या अपवादातच बसणारा होता. कंपनीला तरी दोष कसा द्यायचा म्हणा. एका घंटीसाठी कोण सर्व्हेअर धाडणार?

पण सबंध सायकल गेली, की ती गंमत राहत नसे. अनेक सरकारी कर्मचारी ‘सायकल अग्रिम’ घेऊन सायकल विकत घेत. बिनव्याजी रक्कम, दरमहा पगारातून कपात. सायकल चोरीला गेली म्हणून कपात थांबत नसे. नोकरीला चालत जायचं आणि नसलेल्या सायकलचे हप्ते भरायचे. (केंद्र सरकारने सातव्या वेतन आयोगानंतर, २०१६ मध्ये, हे अग्रिम बंद केलं.) दूधवाले, पेपर टाकणारी मुलं, गिरणीतले कामगार यांना तर अग्रिमाचाही आधार नव्हता. सायकल गेली की रोजगारच अडे. विम्याची गरज खरी त्यांना होती. पण घरगुती विमा म्हणजे बंगला-फ्लॅटवाल्यांचं काम. एका खोलीत राहणाऱ्याकडे विमा एजंट जाणार कशाला? हप्ता लहान, म्हणून कमिशनही लहान. भरपाई मागायची तर पोलिसांत फिर्याद हवी, खरेदीची पावती हवी, सांगाड्यावरचा क्रमांक हवा. इतकं करून घसारा वजा होणारच. त्यापेक्षा लोकांनी दोन कुलपं लावली, चाकातून साखळी ओवली, चेनकव्हरवर पेंटरकडून ठसठशीत नाव रंगवून घेतलं.

ब्रिटनमध्ये, जिथून आपल्या विमा व्यवसायाची बरीचशी परिभाषा आली, तिथे मात्र विम्यामुळे कुलपांकडे लक्ष गेलं. पोलिसांच्या पुढाकाराने १९९२ मध्ये ‘सोल्ड सिक्युअर’ ही संस्था निघाली. ती कुलपं फोडून पाहते आणि ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड असे दर्जे देते. सायकल जितकी महाग, तितक्या वरच्या दर्जाचं कुलूप हवं, अशी अट अनेक विमा कंपन्या घालतात. मला ही अट कंपन्यांची सगळ्यात शहाणी अट वाटते.

आता आपल्याकडेही लाखाच्या घरातल्या सायकली रस्त्यावर दिसतात आणि त्यांच्यासाठी वेगळा विमाही मिळतो. दूधवाल्याची सायकल अजून साखळीच्याच भरवशावर आहे. विमा घ्या अथवा नका घेऊ, सायकल एकदा उलटी करून बघा. दोन्ही पायडल जिथे जोडलेले असतात त्या भागाच्या तळाशी, नाहीतर सीटखालच्या नळीवर, क्रमांक कोरलेला सापडेल. तो पावतीवर लिहून ठेवा. पोलीस आधी तोच विचारतील.