छोट्या घरात घड्याळदुरुस्तीचे मेज : जागा, साधने आणि सावधगिरी

भारतभेटीहून परतताना वडिलांचे किंवा आजोबांचे चावीचे घड्याळ सामानातून घेऊन येणारी मराठी कुटुंबे न्यू जर्सीत थोडी नाहीत. क्वार्ट्झ घड्याळाचा सेल बदलणे हे काही मिनिटांचे काम. चावीच्या घड्याळाची संपूर्ण सफाई मात्र काही तासांचे काम आहे. अमेरिकेतील मजुरीच्या दराने ती अनेकदा घड्याळाच्या बाजारभावाहून महाग पडते. त्यामुळे हे काम स्वतः शिकावे, असे अनेकांना वाटू लागते. आयसेलिन, एडिसन परिसरातील दोन शयनकक्षांच्या भाड्याच्या घरात त्यासाठी स्वतंत्र खोली मिळणे कठीण. तरीही दोन फूट रुंदीची जागा या कामाला पुरते.

अशा मेजाची खरी कसोटी एकच : त्यावरून एकही भाग हरवता कामा नये. हिंदुस्थान मशीन टूल्सने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये बेंगळुरू येथे मनगटी घड्याळांचे उत्पादन सुरू केले. 'जनता'सारखी १७ ज्वेलची घड्याळे त्यातूनच घरोघरी पोहोचली. जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस ही कंपनी बंद करण्यास मंजुरी दिली. आज एखादा स्क्रू किंवा स्प्रिंग हरवली, तर ती बहुधा जुन्या शिल्लक साठ्यातून किंवा दुसऱ्या बंद घड्याळातून मिळवावी लागते.

जागेची निवड

मुंबई-पुण्याच्या पदपथावरचा घड्याळजी काचेच्या छोट्या पेटीमागे बसून आयुष्यभर काम करतो. जागा लहान असणे हा दोष नाही, हे त्याच्याकडे पाहिले की पटते. जागा स्थिर आणि स्वच्छ मात्र हवी. स्वयंपाकघराचा ओटा आणि जेवणाचे टेबल टाळावे. फोडणीच्या धुराबरोबर तेलाचा सूक्ष्म थर सर्वत्र बसतो. देवघराजवळ अगरबत्तीची राख उडते. हीटर किंवा वातानुकूलनाच्या झोताखाली तर बसूच नये.

भाड्याच्या अनेक घरांत भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा असतो आणि त्यात पडलेला मिलिमीटरभर स्क्रू सापडणे जवळजवळ अशक्य. खुर्चीखाली फिक्या रंगाची गुळगुळीत प्लास्टिकची चटई किंवा घट्ट ताणलेली पांढरी चादर पसरावी.

उंची आणि पृष्ठभाग

नेहमीचे टेबल सुमारे २९ ते ३० इंच उंच असते. घड्याळदुरुस्तीचे मेज साधारण ३६ ते ४० इंच असते, म्हणजे बसल्यावर ते छातीजवळ येते. यामुळे मान न वाकवता काम डोळ्यांजवळ राहते आणि दोन्ही कोपर टेकल्याने हात थरथरत नाहीत. नवे मेज घेण्याऐवजी घरातील भक्कम टेबलावर आठ इंच उंचीची लाकडी चौकट ठेवता येते. तिच्यावर साधारण २४ × १६ इंचांची फळी पुरेशी आहे. चौकटीखालच्या पोकळीत उथळ कप्पे बसवले, तर हत्यारांची सोय तिथेच होते.

फळीच्या तीन बाजूंना अर्ध्या इंचाची पट्टी मारावी. पुढच्या कडेला कापडाची झोळी लावावी. निसटलेला भाग मांडीवर न पडता तिच्यात पडतो. कामाच्या जागी फिक्या हिरव्या किंवा पांढऱ्या रंगाचा मऊ रबरी पट्टा अंथरावा.

प्रकाश आणि भिंग

दिवसाच्या उजेडासारखा पांढरा प्रकाश देणारा, वळवता येणारा दिवा कडेला पकडीने बसवावा, म्हणजे फळीवरची जागा अडत नाही. चौपट मोठे दाखवणारे भिंग घेतले, तर वस्तू डोळ्यापासून सुमारे सहा सेंटिमीटरवर धरावी लागते. दहापटीच्या भिंगाने हे अंतर अडीच सेंटिमीटरवर येते. म्हणून रोजच्या कामाला चौपट भिंग आणि तपासणीला दहापट, अशी विभागणी सोयीची.

पहिली हत्यारे

सुरुवातीला ०.८ ते १.६ मिलिमीटर पात्यांचे चार-पाच स्क्रू ड्रायव्हर, दोन बारीक चिमटे, घड्याळाचे यंत्र पकडणारा धारक, हवेचा रबरी फुगा आणि झाकणाचे कप्पेदार खोके एवढे पुरे. चुंबकत्व काढणारे छोटे उपकरण स्वस्त असते आणि उपयोगी पडते. स्पीकर किंवा टॅब्लेटच्या आवरणातील चुंबकाने हेअरस्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ एकाएकी पुढे धावू लागते.

भाग सुटे करण्याआधी मुख्य कमानीतील ताण सावकाश उतरवावा. तो तसाच राहिला तर चाके भरकन फिरून त्यांची टोके मोडतात. प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र घ्यावे. चावीजवळच्या क्राउन व्हीलचा स्क्रू अनेक घड्याळांत उलट्या आट्यांचा असतो; तो घट्ट वाटला, तर जोर करण्याआधी दिशा तपासावी. हे सारे आधी एखाद्या निकामी घड्याळावर शिकावे, वडिलांच्या घड्याळावर नव्हे.

रसायने

सफाईची द्रावणे ज्वालाग्राही असतात. छोट्या घरात खिडकी उघडी ठेवून, गॅसपासून दूर, घट्ट झाकणाच्या लहान बाटलीतूनच ती वापरावीत. पॅलेट फोर्कचे ज्वेल अनेकदा लाखेने चिकटवलेले असतात आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. म्हणून तो भाग अल्कोहोलमध्ये भिजत ठेवू नये.

रेडियमचा धोका

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील, अंधारात चमकणाऱ्या तबकडीच्या घड्याळांबाबत वेगळी सावधगिरी हवी. न्यू जर्सीतीलच ऑरेंज येथे यू. एस. रेडियम कॉर्पोरेशनच्या कारखान्यात तरुण स्त्रिया तबकड्यांवर रेडियमचा रंग देत. कुंचल्याला टोक यावे म्हणून तो ओठांत धरण्यास त्यांना शिकवले जाई. अनेकींची हाडे, विशेषतः जबडे, त्यामुळे झिजले. ग्रेस फ्रायर आणि इतर चौघींनी १९२७ मध्ये खटला भरला. १९२८ मध्ये तडजोड झाली.

रेडियमचा अर्धायुकाल सुमारे १,६०० वर्षे आहे. त्याच्यासोबतचे चमकणारे द्रव्य काही दशकांतच निकामी होते. म्हणजेच चमक गेली तरी किरणोत्सर्ग गेलेला नसतो. शिवाय हा रंग जुना झाला की भुगा होऊन झडतो, आणि मुले जिथे जमिनीवर खेळतात त्याच खोलीत हा भुगा उडणे घातक. आजोबांच्या घड्याळाचे काटे तपकिरी पडलेल्या रंगाचे असतील, तर ते घरी उघडू नये. तबकडी खरवडू तर मुळीच नये. असे घड्याळ बंद स्थितीतच ठेवावे किंवा या कामाची सोय असलेल्या कारागिराकडे सोपवावे.

काम आवरताना

काम अर्धे राहिले तर भाग उलगडल्याच्या क्रमाने कप्प्यांत ठेवून झाकण लावावे आणि झोळी भिंगाखाली तपासूनच झटकावी. जुळणीनंतर घड्याळाची चाल निदान तीन-चार दिवस, रोज एकाच वेळी, नोंदवावी. दिवसाचे सेकंद ८६,४०० असतात. जुने चावीचे घड्याळ त्यांत अर्ध्या मिनिटाने चुकत असेल, तर त्याच्याकडून याहून फार अपेक्षा धरू नये.