अश्वगंधेच्या दोन बाटल्या आणि तीन कायदे

मागच्या महिन्यात मावशीने व्हॉट्सअ‍ॅपवर दोन फोटो पाठवले. दोन्ही बाटल्यांवर अश्वगंधेच्या मुळीचं चित्र, दोन्हींत साठ कॅप्सूल, किमतीत मात्र जवळजवळ दुपटीचा फरक. खाली प्रश्न: "तू औषधांवरच पीएचडी करतेयस ना? मग सांग, यातली कुठली घेऊ? झोप नीट लागत नाही."

मी औषधांवर नाही, औषधांच्या कायद्यांच्या इतिहासावर काम करते, हे मावशीला तीन वर्षं समजावतेय. पण या वेळी प्रश्न माझ्याच अंगणात आला होता. फोटो मोठे करून पाहिले. एका बाटलीवर 'आयुर्वेदिक औषध' असं लिहिलेलं आणि औषध उत्पादनाचा परवाना क्रमांक. दुसरीवर चौदा आकडी अन्न परवाना, 'हेल्थ सप्लिमेंट' हे शब्द आणि 'औषधी वापरासाठी नाही' ही सूचना. मुळी तीच. एका बाटलीत ती औषध, दुसरीत ती औषध नाही! हे कसं झालं, ते आज सांगते.

सुरुवात जाहिरातींपासून करू. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी औषध वैद्याच्या खलबत्त्यातून बाटलीत आलं. पनवेलला 1872 मध्ये धूतपापेश्वर, मुंबईत 1893 मध्ये अमृतांजन, 1910 मध्ये झंडू असे कारखाने उभे राहिले. यात एक मोठा बदल दडलेला आहे. पूर्वी औषध देणारा माणूस तुम्हाला ओळखत असे. तुमची नाडी, भूक, आधीची दुखणी त्याला माहीत असत. बाटली ज्याने भरली त्याला आपण दिसत नाही. मग विश्वास कशावर ठेवायचा? नावावर, लेबलवर आणि वर्तमानपत्रातल्या जाहिरातीवर. त्या काळची मराठी वर्तमानपत्रं चाळली की शक्तिवर्धक गोळ्या, बाळांची औषधं, सगळ्या तापांवर एकच उतारा, असं पानोपानी दिसतं.

यात भेसळ शिरली, आणि ती फक्त देशी औषधांत नव्हती. बाजारातल्या क्विनीनमध्येही फसवणूक होत होती. तक्रारी वाढल्यावर सरकारने 1930 मध्ये कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. पुढे 1940 चा औषध कायदा आला: परवाना, तपासनीस, नमुन्याची प्रयोगशाळेत चाचणी. पण त्यातल्या 'औषध' या शब्दाच्या व्याख्येतून आयुर्वेदिक आणि युनानी औषधं चक्क वगळलेली होती. एका रसायनाचं प्रमाण मोजता येतं, पण वीस-पंचवीस वनस्पतींच्या अवलेहाची प्रत मोजायची कशी, हा प्रश्न तेव्हा अवघड होता. तो सुटलेला नाही, हे आजही लक्षात ठेवा.

आयुर्वेदिक औषधं कायद्यात आली ती 1964 च्या दुरुस्तीने, स्वतंत्र प्रकरण घेऊन. 1982 च्या दुरुस्तीने दोन प्रकार स्पष्ट झाले. पहिला शास्त्रोक्त: चरक, सुश्रुत, शार्ङ्गधर अशा कायद्याच्या यादीतल्या ग्रंथांत जसा पाठ दिला आहे तसंच बनवलेलं औषध. दुसरा 'प्रोप्रायटरी': घटक त्या ग्रंथांतले, पण मिश्रण कंपनीचं स्वतःचं. आता इथे नीट बघा. 'हे औषध हजारो वर्षांपासून वापरात आहे' हे वाक्य पहिल्या प्रकाराबद्दल एक वेळ म्हणता येईल. दुसऱ्या प्रकारात घटक जुने असले तरी मिश्रण गेल्या वर्षीचंही असू शकतं. जाहिरातीत मात्र दोघांच्या मागे तोच ऋषी बसलेला असतो.

दुसरा कायदा जाहिरातींचा, 1954 चा. ठरावीक आजार बरे करण्याचा दावा जाहिरातीत करायचाच नाही, असं तो सांगतो. गंडे, ताईत, मंत्र, कवच यांच्या जाहिरातींनाही त्यात बंदी आहे. हमदर्द दवाखाना या विरोधात सर्वोच्च न्यायालयात गेला. अशी जाहिरात म्हणजे भाषणस्वातंत्र्य, हा मुद्दा न्यायालयाने डिसेंबर 1959 मध्ये फेटाळला. कोणते आजार बंदीत घालायचे हे सरकारने नियमांतून वाटेल तसं ठरवावं, एवढा भाग मात्र रद्द केला. म्हणून 1963 मध्ये आजारांची यादी कायद्यातच घातली गेली. त्या यादीत मधुमेह आहे, रक्तदाब आहे, लठ्ठपणा आहे, कर्करोग आहे, अगदी उंची वाढवणंही आहे. आणि हे कोणत्याही पॅथीला लागू आहे. म्हणजे 'मधुमेह मुळापासून बरा' ही जाहिरात दिसली, तर औषध चांगलं की वाईट याच्या चर्चेत शिरायचीच गरज नाही. तो दावाच बेकायदेशीर आहे.

तिसरा कायदा अन्नाचा. 2006 चा अन्न सुरक्षा कायदा आणि त्याखालचे 2016 चे नियम यांनी सप्लिमेंटना अन्नाच्या घरात जागा दिली. परवानगी असलेल्या वनस्पतींच्या यादीत अश्वगंधाही आहे. इथे आजार बरा करण्याचा दावा चालत नाही, म्हणूनच ती 'औषधी वापरासाठी नाही' ही सूचना. मावशीची दुसरी बाटली इथून आली.

तर लेबल आपल्याला काय सांगतं? वस्तू कोणत्या दारातून बाजारात आली, ते. ती आपल्याला लागू पडेल का, हे नाही. 'नैसर्गिक' हा शब्द तर यातलं काहीच सांगत नाही. बचनाग, धोतरा, कुचला ही सगळी नैसर्गिकच आहेत, आणि कायद्याच्या विषारी द्रव्यांच्या यादीतही आहेत. ती असलेल्या पोटात घ्यायच्या औषधावर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' अशा अर्थाचा इशारा छापावा लागतो. 2004 मध्ये अमेरिकेतल्या बॉस्टन परिसरातल्या दुकानांतून घेतलेल्या 70 आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी प्रसिद्ध झाली. 14 मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. यावरून सगळा आयुर्वेद वाईट ठरत नाही. पण परवाना क्रमांक नसलेली, घटक न छापलेली पुडी का घेऊ नये, ते कळतं.

मावशीला मी एवढंच विचारलं, "बाकी कुठल्या गोळ्या चालू आहेत?" उत्तर आलं, "थायरॉईडची, रोज सकाळी. पण ती वेगळी, हे तर आयुर्वेदिक आहे." इथे माझ्या पोटात गोळा आला. अश्वगंधेचा थायरॉईड हार्मोनच्या पातळीवर परिणाम होऊ शकतो. तिने पाठवलेल्या लेबलांवर ते कुठेच नव्हतं. कायद्यांची दारं वेगवेगळी असली तरी पोट एकच असतं ना!

तिने दोन्ही फोटो डॉक्टरांना दाखवले. त्यांनी आधी थायरॉईडची तपासणी करायला सांगितली. गोळीचा डोस बदलावा लागला. बाटल्या अजून तशाच, न उघडलेल्या.

तुमच्या घरी जुने औषधांचे डबे, कॅलेंडरं, जाहिरातींची कात्रणं असतील, तर टाकून देण्याआधी एक फोटो मला नक्की पाठवा. प्रबंधाला उपयोग होईल. आणि हो, तुमच्या कपाटातल्या बाटल्याही एकदा उलट्या करून वाचा.