खुन्याचा माग आणि हातातील नळी

खेळणाऱ्याने जणू स्वतःच्याच डोळ्यांनी एखादे घर पाहावे, त्या घरात एकामागून एक प्रेते आढळावीत, आणि पुढचा बळी आपण ठरण्यापूर्वी मारेकऱ्यास हुडकून काढावे, ही कल्पना संगणकाच्या पडद्यावर चित्ररूपाने अवतरली ती १९८० साली, आणि तीही कोण्या मोठ्या कारखान्यात नव्हे, तर कॅलिफोर्नियातील विल्यम्स दांपत्याच्या घरी. केंटकीतील गुहांवर बेतलेल्या, निव्वळ शब्दांनी खेळावयाच्या एका साहसखेळाने रॉबर्टाबाईंचे चित्त असे वेधले की, त्याच धर्तीचा सचित्र खेळ रचण्याचा त्यांनी ध्यास घेतला. कथेचा सांगाडा अगाथा ख्रिस्तींच्या, पाहुणे एकेक करून मारले जातात त्या कादंबरीवरून उचलला, चित्रे स्वतः रेखाटली, आणि ॲपल-२ यंत्राच्या तोकड्या स्मृतीत ती बसविण्याची कामगिरी पती केन यांनी पार पाडली. ‘मिस्टरी हाऊस’मधील ती चित्रे शाळकरी पोराने पाटीवर ओढलेल्या रेघांहून फारशी निराळी नाहीत, तरीही त्या घरात रात्र पडते आणि काडी-मेणबत्तीवाचून काही दिसेनासे होते, तेव्हा भय उत्पन्न होते ते चित्राच्या सामर्थ्याने नव्हे, तर जवळ काय नाही या जाणिवेने.

पुढल्याच एकदोन वर्षांत इंग्लंडात माल्कम इव्हान्स यांनी सिंक्लेअरच्या झेडएक्स-८१ यंत्रावर, अवघ्या १६ किलोबाइट स्मृतीत, एक चक्रव्यूह उभा केला. त्यात मनुष्य नव्हे तर प्रागैतिहासिक सरडा पाठलाग करतो, आणि निःशस्त्र खेळणाऱ्यास पळण्यावाचून गत्यंतर नसते. डिसेंबर १९९३ मध्ये ‘डूम’ आला आणि त्याने शस्त्रागाराच्या किल्ल्याच खेळणाऱ्याच्या स्वाधीन केल्या. त्या खेळाची थोरवी मला मान्य आहे; परंतु ज्याच्या हाती अग्निबाण आहेत त्यास अंधाराचे भय ते किती वाटणार?

हरवलेले भय परत आणण्याचा बहुमान माझ्या मते ‘कंडेम्ड: क्रिमिनल ओरिजिन्स’ या खेळाचा. अमेरिकेच्या वॉशिंग्टन संस्थानातील मोनोलिथ या मंडळीने तो रचला आणि सेगाने नोव्हेंबर २००५ मध्ये, एक्सबॉक्स ३६० हे यंत्र बाजारात आले त्याच वेळी, प्रसिद्ध केला. नायक इथन थॉमस हा एफबीआयचा अंमलदार. आरंभीच एका ओसाड इमारतीत खुनी त्याचेच पिस्तूल हिसकावतो, त्याच पिस्तुलाने दोन पोलिसांचे प्राण घेतो, आणि तोहमत येते ती इथनवर. म्हणजे जो मागावर निघाला त्याच्याच मागावर सरकार निघते, आणि तपास करावयाचा तो फरारी आरोपीने! पुढे उमगते की, ज्या खुन्यांचा माग काढावयाचा त्यांनाच कोणी, त्यांच्याच पद्धतीने, ठार करीत सुटला आहे.

या कथानकापेक्षाही कल्पक आहे ती त्यातील हत्यारांची व्यवस्था. बंदूक क्वचित सापडते, आणि तिच्यात असतील तेवढ्याच गोळ्या. त्या संपल्या की ती केवळ लोखंड. मग भिंतीवरून उपटलेली नळी, खिळे ठोकलेली फळी, आगीच्या बंबाची कुऱ्हाड, असे जे हाती लागेल ते घेऊन, एका विजेरीच्या उजेडात, बंद पडलेल्या भुयारी रेल्वेतून नि ग्रंथालयातून वाट काढावयाची. घाव घालण्यास विलंब लागतो, तो चुकला तर उलट घाव बसतो, आणि शत्रूही मूढासारखा अंगावर धावून येत नाही, तर कोपऱ्याआड दबा धरतो. वाटेतल्या एका पडीक दुकानातील कपड्यांच्या पुतळ्यांविषयी इतकेच सांगतो की, त्यांतील सारेच पुतळे नसतात. याच मंडळीने त्याच वर्षी ‘फिअर’ नावाचा दुसरा भयखेळ काढला होता. त्यात दारूगोळ्याची रेलचेल आहे, आणि म्हणूनच की काय, त्यातील भय मला नेहमी नाटकी वाटत आले.

इथनच्या पंचनाम्याची मात्र मला तितकी स्तुती करवत नाही. अतिनील दिवा, कॅमेरा, वायू हुंगणारे उपकरण, असा जामानिमा खासा आहे. परंतु पुरावा जवळ आला की खेळच इशारा देतो, योग्य ते उपकरण आपोआप हाती येते, आणि मुद्देमालाचा अर्थ लावते ती दूरध्वनीवरील प्रयोगशाळेतील रोझा. खेळणाऱ्याच्या बुद्धीला तेथे शिपायाचीच नोकरी. २००८ च्या दुसऱ्या भागात कर्त्यांनी ही उणीव ओळखून प्रेताविषयीचे निष्कर्ष खेळणाऱ्यासच काढावयास लावले, हे स्तुत्य. पण त्याच भागाच्या अखेरीस नायकास नुसत्या आरोळीने शत्रूस लोळविण्याची दैवी शक्ती बहाल करून, काटकसरीने जमविलेले भय त्यांनी एका दमात उधळून टाकले.

२०१० साली स्वीडनच्या फ्रिक्शनल मंडळीने ‘ॲम्नेशिया: द डार्क डिसेंट’मध्ये शस्त्र पार काढूनच घेतले, आणि लपून बसण्याच्या त्या रीतीचे अनुकरण पुढे पुष्कळांनी केले. भय त्यात विपुल आहे. परंतु ज्याला केवळ कपाटात दडावयाचे आहे तो खुन्याचा माग काढू शकत नाही. त्यासाठी हाती निदान एक नळी लागते, आणि ती पुरेल की नाही याचा संशयही लागतो.