डिकन्सचीं पत्रें आणि संपादकाची कात्री

ग्रंथकाराच्या पश्चात् त्याचीं खासगी पत्रें छापावीं कीं छापूं नयेत, आणि छापावयाचीं तर जशींच्या तशीं कीं वेंचून, हा वाद जुना आहे. चार्लस् डिकन्स (१८१२–१८७०) ह्याच्या पत्रांची हकीकत पाहिली असतां ह्या वादाचा निकाल कसा लावावा ह्याविषयीं पुष्कळ बोध होतो, असें आम्हांस वाटतें.

डिकन्सचें स्वतःचें मत निःसंदिग्ध होतें. १८६० च्या सप्टेंबरांत गॅड्स हिल येथील आपल्या घराजवळच्या शेतांत त्यानें वीस वर्षें सांठलेलीं पत्रें व कागद जाळून टाकले. टोपल्यांमागून टोपल्या रित्या झाल्या, आणि त्या राखेंत मुलांनीं कांदे भाजले, अशी आठवण त्याच्या घरच्या माणसांनीं पुढें सांगितली. परंतु मनुष्याला जाळतां येतात तीं स्वतःकडे आलेलीं पत्रें. त्यानें लिहिलेलीं पत्रें दुसऱ्यांच्या पेट्यांत असतात!

हीं दुसऱ्यांच्या पेट्यांतील पत्रें १८८० ते १८८२ ह्या काळांत तीन भागांत प्रसिद्ध झालीं. संपादक होत्या डिकन्सची मुलगी मेमी व मेहुणी जॉर्जिना होगार्थ. दोघींची निष्ठा वादातीत होती, आणि तीच त्या ग्रंथाला बाधली. डिकन्स १८५८ सालीं पत्नी कॅथरिन हिच्यापासून विभक्त झाला होता. त्या दुःखद प्रकरणाची सावलीहि वाचकावर पडूं नये म्हणून पुष्कळ मजकूर गाळण्यांत आला, आणि कांहीं ठिकाणीं तर निरनिराळ्या पत्रांतील तुकडे जोडून एकच पत्र बनविण्यांत आलें. डिकन्सचा सहसंपादक विल्स ह्यास लिहिलेल्या पत्रांतील कांहीं ओळींवर कोणी शाई फांसली होती. त्या अवरक्त किरणांच्या छायाचित्रणानें वाचल्या गेल्या, व एडा निस्बेट ह्या विदुषीनें १९५२ सालीं त्या उजेडांत आणल्या. झांकलेल्या ओळी नटी एलन टर्नन हिच्यासंबंधीं होत्या. शाईनें गुपित राहिलें तर नाहींच. उलट कुतूहल मात्र दुणावलें.

पण कात्रीवर आमचा खरा आक्षेप निराळाच आहे. एकाची अब्रू राखतांना ती दुसऱ्यावर अन्याय करते. विभक्त होतांना डिकन्सनें आपल्या साप्ताहिकांत निवेदन छापून आपली बाजू जगापुढें मांडली. कॅथरिननें जाहीरपणें एक अक्षरहि उच्चारलें नाहीं. तिच्याजवळ पुरावा होता तो पतीनें तिला लिहिलेल्या पत्रांचा. १८७९ सालीं मृत्युशय्येवर तिनें तीं मुलगी केट हिच्या हातीं दिलीं व ब्रिटिश म्यूझियममध्यें ठेवण्यास सांगितलें. एके काळीं आपल्या पतीचें आपल्यावर प्रेम होतें एवढें जगास कळावें, इतकीच त्या माउलीची इच्छा होती. केटनें १८९९ सालीं तीं म्यूझियमच्या स्वाधीन केलीं, परंतु आपल्या व आपल्या भावाच्या हयातींत तीं उघड करूं नयेत अशी अट घातली. १९३५ सालीं तीं प्रसिद्ध झालीं, आणि कॅथरिनला बोलावयास प्रथमच संधि मिळाली.

पुढें हंफ्री हाउस ह्या विद्वानानें सर्व पत्रांच्या संशोधित आवृत्तीचें काम हातीं घेतलें. १९५५ सालीं तो वारला. तेव्हां त्याची पत्नी मॅडलिन व ग्रॅहम स्टोरी ह्यांनीं तें पुढें चालविलें. पहिला खंड १९६५ सालीं निघाला, बारावा २००२ सालीं! एकंदर चौदा हजारांवर पत्रें. जेवणाच्या आमंत्रणाची दोन ओळींची चिठ्ठीहि त्यांत आहे. तारीख नसलेल्या पत्राची तारीख शोधावयाची, उल्लेखिलेला इसम कोण तें ठरवावयाचें, मूळ पत्र मिळालें नाहीं तर मजकूर कोठून घेतला तें सांगावयाचें, हें काम पिढ्या खाणारें खरें. परंतु त्यामुळें उदार डिकन्स व कठोर डिकन्स एकाच ग्रंथांत शेजारीं शेजारीं उभे राहिले, आणि निवाडा वाचकाच्या हातीं आला.

आमच्या मतें खरा मार्ग केटनें दाखविला. जिवंत माणसांचीं मनें दुखावूं नयेत म्हणून काळ जाऊं द्यावा. पण कात्री लावूं नये, शाई फांसूं नये. कुलूप पुढची पिढी उघडूं शकते, राखेंतून अक्षर परत येत नाहीं. ज्यांच्या माळ्यावर वाडवडिलांच्या पत्रांची पेटी पडून आहे, त्यांनीं एवढें ध्यानांत ठेविलें तरी पुरे.