पाचगणीचा पियानो, मिरजेची जवारी

रॉक संगीताचे चाहते एकत्र जमले, की गप्पांना अंत नसतो. कोणत्या गीताचे शब्द अधिक गूढ, कोणाची इलेक्ट्रिक गिटार अधिक बोलकी, यावर मध्यरात्रीपर्यंत वाद रंगतात. आणि घरातील वडीलधारी मंडळी या ‘परदेशी गोंगाटा’ला कंटाळून दार लावून घेतात. या संगीताच्या इतिहासाचे एक पान सातारा जिल्ह्यात लिहिले गेले, हे मात्र दोन्ही पक्षांच्या सहसा ध्यानी येत नाही.

५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबार येथे एका पारशी कुटुंबात फारुख बलसारा याचा जन्म झाला. वडील सरकारी नोकरीत रोखपाल होते. आठ वर्षांच्या या मुलाला त्यांनी शिक्षणासाठी समुद्रापार पाचगणीच्या सेंट पीटर्स या अँग्लिकन परंपरेच्या निवासी शाळेत धाडले. मुलांना वसतिगृहात ठेवणाऱ्या आपल्यातील मातापित्यांना त्या वयाच्या लेकराची पहिली रात्र कशी जात असेल, हे सांगावयास नको.

या कथेतील खरा महत्त्वाचा क्षण आम्हांस एका पत्रात दिसतो. मुलाच्या अंगी संगीताचे देणे आहे, थोडे अधिक शुल्क भरल्यास त्याला रीतसर शिकविता येईल, असे मुख्याध्यापकांनी घरी कळविले. आईवडिलांनी होकार दिला. फारुख शाळेच्या गायनवृंदात गाऊ लागला आणि पियानोच्या चौथ्या श्रेणीपर्यंत पोहोचला. १९५८ साली पाच विद्यार्थ्यांनी ‘द हेक्टिक्स’ हा वाद्यवृंद काढला. क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड, फॅट्स डॉमिनो यांची गाणी ही मुले वाजवीत. मुख्य गायक दुसराच होता. आमचा नायक पियानोवर बसे. ‘फ्रेडी’ हे नावही त्याला शाळेतच चिकटले.

१९६४ च्या झांझिबारमधील क्रांतीनंतर बलसारा कुटुंब जीव वाचवून इंग्लंडला गेले. १९७० साली ‘क्वीन’ हा वाद्यवृंद स्थापन झाला आणि फारुखचा फ्रेडी मर्क्युरी झाला. १९७५ चे ‘बोहेमियन ऱ्हाप्सडी’ हे जवळजवळ सहा मिनिटांचे गीत ब्रिटनमध्ये सलग नऊ आठवडे अग्रस्थानी राहिले. आईजवळ आपल्या अपराधाची कबुली देणारा त्यातील तरुण कोण, यावर चाहते अद्याप भांडतात. कवीने उलगडा केला नाही, आणि ते बरेच झाले. २४ नोव्हेंबर १९९१ रोजी एड्समुळे उद्भवलेल्या न्यूमोनियाने तो वारला. प्रसिद्धीनंतर पाचगणीविषयी तो जाहीरपणे फारच थोडे बोलला. तेव्हा त्याला ‘आपला’ म्हणून मिरविण्याची घाई आम्ही करणार नाही.

त्याचा सहकारी ब्रायन मे याची इलेक्ट्रिक गिटार दुकानातून आलेली नव्हती. १९६३ साली त्याने व त्याच्या वडिलांनी ती घरीच करावयास घेतली. जुन्या शेकोटीच्या चौकटीचे महोगनी लाकूड, मोटारसायकलच्या स्प्रिंगा, विणकामाची सुई, आईच्या शिवणाच्या पेटीतील शिंपल्याची बटणे, असा तो संसार! दोन वर्षे काम चालले. अशा गिटारीला पोकळ पोट लागत नाही. पोलादी तार चुंबकाजवळ कंपन पावते, तेथील तारेच्या वेटोळ्यात वीज निर्माण होते आणि ध्वनिवर्धक तिचा नाद करतो.

बाप-लेकांची ही कारागिरी वाचताना आम्हांस मिरज आठवली. पाचगणीच्या पायथ्याचे खोरे सोडून कृष्णा सांगलीकडे वाहत जाते. तेथून मिरज हाकेच्या अंतरावर. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांतील फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्ये घडविण्यास आरंभ केला, आणि ती विद्या बापाकडून मुलाकडे येत राहिली. पंढरपूरच्या परिसरातील मोठे भोपळे आणि तुणीचे लाकूड यांतून तंबोरा उभा राहतो. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेतच राहिले; १९३७ साली प्रवासात निधन पावल्यावर त्यांचे दफनही येथेच, मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात झाले.

तंबोऱ्याचा प्राण म्हणजे जवारी. घोडीचा माथा किंचित उताराचा ठेवला, की तार त्याला पुसटशी स्पर्शत राहते आणि स्वराला मधमाश्यांच्या गुंजारवासारखी झणझण येते. हीच झणझण पाश्चात्त्य तरुणांना मोहवून गेली. १९६५ साली जॉर्ज हॅरिसनने बीटल्सच्या गीतात सतार वाजविली. ब्रायन मेने तर एका साध्या गिटारीच्या घोडीत फेरफार करून सतारीसारखा नाद काढला. १९७४ च्या ‘व्हाइट क्वीन’ या गीतात तो ऐकू येतो. ज्या गायकाला त्या गिटारीची साथ होती, तो कृष्णेच्या खोऱ्यावर पियानो शिकलेला. हा योगायोगच, पण आम्हांस तो फार गोड वाटतो.

२०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. कानस घेऊन घोडी किती घासावी, हे मात्र त्या मानांकनात लिहिलेले नाही. कारागीर एकदा घासतो, तार छेडतो, कान देतो, आणि पुन्हा घासतो.