एक सर्व्हर, दोन केबली

१९९४च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या मेरिलंड राज्यात, ग्रीनबेल्ट इथल्या नासाच्या गोडार्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी सोळा साधे पीसी एकमेकांना जोडले. प्रत्येकात १०० मेगाहर्ट्झचा ४८६ डीएक्स४ प्रोसेसर, १६ एमबी मेमरी आणि वर फुकटचे लिनक्स. पृथ्वी आणि अंतराळाविषयीची जी गणिते महागड्या महासंगणकांवर सोडवावी लागत, ती बाजारातल्या सुट्या मालावर सोडवून पाहायची होती. या जोडणीला नाव मिळाले बेओवुल्फ, एका जुन्या इंग्रजी काव्याच्या नायकाचे.

प्रोसेसर स्वस्तात मिळाले, घोडे अडले ते नेटवर्कपाशी. तेव्हाचे इथरनेट सेकंदाला १० मेगाबिटचे, तेही सगळ्यांनी वाटून घ्यायचे. स्विच बाजारात होते, पण ते घेतले असते तर प्रकल्पाच्या स्वस्ताईलाच अर्थ उरला नसता. प्रोसेसर आपली आकडेमोड उरकणार आणि मग शेजाऱ्याच्या उत्तराची वाट पाहत बसणार, हे उघड दिसत होते. तोडगा निघाला तो बेकर यांच्याच हातून, कारण लिनक्सचे कितीतरी इथरनेट ड्रायव्हर त्यांनीच लिहिलेले होते. त्या काळात लिनक्सचे मशीन सुरू होताना पडद्यावर भराभर सरकणाऱ्या ओळींत त्यांचे नाव आणि नासाच्या संकेतस्थळाचा पत्ता अनेकांनी पाहिला असेल. बेकर यांनी ड्रायव्हर नव्याने लिहिले. प्रत्येक पीसीत दोन कार्डे आणि दोन स्वतंत्र नेटवर्क. एक पॅकेट या वाटेने, पुढचे त्या वाटेने. वरच्या प्रोग्रामला मात्र कार्ड एकच दिसायचे. याला चॅनल बॉण्डिंग म्हणू लागले. आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर हा अस्सल जुगाड होता, फक्त नासाच्या आवारातला.

जुगाडाचे आयुष्य छोटे असते, तसे याचेही ठरायला हवे होते. १९९५मध्ये १०० मेगाबिटचे फास्ट इथरनेट प्रमाणित झाले, दोनतीन वर्षांत त्याचे स्विचही परवडू लागले, आणि दोन कार्डे जुंपण्याची गरज आता फारशी उरली नाही असे खुद्द बेओवुल्फवाल्यांनीच नोंदवून ठेवले. तरी बॉण्डिंगचा ड्रायव्हर लिनक्समध्ये राहिला. आज तो असंख्य सर्व्हर रूममध्ये चालतो, पण मुख्यतः दुसऱ्याच कामासाठी: एक केबल गेली तरी सर्व्हर जाऊ नये म्हणून.

हीच कल्पना स्विचच्या बाजूनेही पुढे येत होती. सिलिकॉन व्हॅलीत विनोद भारद्वाज या भारतीय वंशाच्या उद्योजकाने लॅरी ब्लेअर यांच्यासह १९८७मध्ये एक कंपनी काढली आणि तिला पत्नीचे नाव दिले, कल्पना. इथरनेट स्विच पहिल्यांदा बाजारात आणला तो याच कंपनीने. दोन स्विचमधल्या अनेक केबली एकच समजून वापरायची तिची युक्ती इथरचॅनल म्हणून ओळखली गेली. १९९४मध्ये सिस्कोने कल्पना विकत घेतली आणि इथरचॅनल सिस्कोचे झाले. टेलिफोनच्या तारांवरही तेच चालले होते. आयएसडीएनच्या ६४ किलोबिटच्या दोन वाहिन्या जोडून १२८ करणारे मल्टिलिंक पीपीपीही १९९४चेच.

अडचण अशी की प्रत्येक कंपनीचे गणित आपापले. एकीचा सर्व्हर आणि दुसरीचा स्विच यांचे सूत जुळेलच याची खात्री नसे. नोव्हेंबर १९९७मध्ये आयईईईच्या इथरनेट समितीने हा विषय हाती घेतला आणि मार्च २०००मध्ये ८०२.३एडी हे प्रमाण मंजूर झाले. त्यातल्या एलएसीपी प्रोटोकॉलमुळे दोन्ही टोके एकमेकांना दर सेकंदाला किंवा दर तीस सेकंदांनी 'मी आहे' असे कळवतात. तीन वेळा निरोप आला नाही की ती केबल गटातून बाद. २००८मध्ये हे प्रमाण ८०२.१एएक्स या नव्या क्रमांकाखाली गेले, पण अॅडमिन मंडळी आजही ८०२.३एडीच म्हणतात. लिनक्सच्या बॉण्डिंगमध्ये या मोडचे नावही तेच आहे.

प्रमाण ठरवताना समितीने एक अट घातली आणि तिचे परिणाम नवख्यांना आजही चकवतात. एका संभाषणातली पॅकेट क्रम बदलून पोहोचता कामा नयेत. एकाच पत्राची पाने आळीपाळीने दोन पोस्टमनकडे दिली, तर तिसरे पान दुसऱ्याच्या आधी दारात येणार. बेकर यांच्या पद्धतीत नेमके हेच होई. उलटसुलट पॅकेट आली की टीसीपीला वाटते मधले हरवले, आणि ते न हरवलेले पॅकेट पुन्हा पाठवायला लागते. म्हणून ८०२.३एडीत एक संभाषण एकाच केबलवर बांधून टाकलेले असते. एक-एक गिगाबिटच्या दोन केबली जोडून बॅकअपची एकच भली मोठी फाइल पाठवली, तर ती एका गिगाबिटनेच जाते. दुसरी केबल बसून राहते. पैसे दुप्पट आणि वेग तेवढाच, अशी तक्रार इथूनच येते, आणि ती ऐकून घेण्यावाचून अॅडमिनला इलाज नसतो.

कोणते संभाषण कुठल्या केबलवर, हे ठरते एका साध्या हिशेबाने. लिनक्सच्या मूळ नियमात पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा मॅक पत्ता, म्हणजे कार्डाचा स्वतःचा क्रमांक, एकमेकांत मिसळून केबलींच्या संख्येने भागतात. उरलेली बाकी म्हणजे केबलचा क्रमांक. समोर पन्नास वेगवेगळी मशीन असतील तर वाटणी बरी होते. पण ती सगळी राउटरच्या पलीकडे असली, तर सर्व्हरला दिसतो फक्त राउटरचा मॅक पत्ता. बाकी दर वेळी तीच येते आणि सगळी वाहतूक एका केबलवर लोटते. पुढे हिशेबात आयपी पत्ते आणि पोर्ट क्रमांक घेण्याची सोय आली ती म्हणूनच.

स्विचच्या मदतीशिवाय भार वाटणारा एक मोडही लिनक्समध्ये आहे, आणि तो मोठा चलाख आहे. 'या आयपीचा मॅक पत्ता काय?' असे कुणी एआरपीने विचारले की जाणारे उत्तर ड्रायव्हर वाटेत अडवतो आणि एकाला पहिल्या कार्डाचा पत्ता देतो, दुसऱ्याला दुसऱ्या कार्डाचा. प्रत्येकाला वाटते, आपल्याला खरे दार माहीत आहे.

इतके असूनही बऱ्याच ठिकाणी निवडला जातो तो सगळ्यांत साधा मोड: एक कार्ड कामावर, दुसरे राखीव. इथे भार वाटायचा नाहीच. दोन केबली दोन वेगळ्या स्विचमध्ये खोचायच्या, म्हणजे एक स्विच अख्खा मेला तरी फिकीर नाही. बॉण्डची स्थिती सांगणारी फाइल उघडली की सध्याचे सक्रिय कार्ड, प्रत्येक कार्डाची लिंक आणि ती आजवर किती वेळा तुटली याचा आकडा असे सगळे ओळीने दिसते. मात्र लिंकची तपासणी चालू करावी लागते; या मोडमध्ये तिचे अंतर मुळात शून्य म्हणजे बंद असते आणि ते सहसा १०० मिलिसेकंदांवर ठेवतात. तेवढ्यानेही काम भागत नाही, कारण लिंक शाबूत म्हणजे स्विचपर्यंतची तार शाबूत, इतकेच. स्विचच्या पलीकडे काही तुटले तर दिवा हिरवाच. त्यासाठी ठरावीक पत्त्यांना एआरपीने विचारत राहण्याची दुसरी पद्धत ठेवलेली आहे.

एलएसीपीही वापरायचे आणि स्विचही दोन ठेवायचे, तर दोन स्विचना एकच असल्याचे सोंग घ्यावे लागते. नॉर्टेलने ते स्प्लिट मल्टिलिंक ट्रंकिंग नावाने आणले, पुढे सिस्कोचे व्हीपीसी आले. या सोंगासाठी मात्र कंपन्यांनी पुन्हा आपापल्या वाटा धरल्या.

मायक्रोसॉफ्टने विंडोज सर्व्हर २०१२मध्ये कार्डे जोडण्याची हीच सोय टीमिंग या नावाने आतच दिली. त्याआधी कार्ड बनवणाऱ्यांच्या सॉफ्टवेअरवर भिस्त असे. त्याच सुमारास लिनक्समध्ये रेड हॅट या लिनक्स कंपनीच्या पुढाकाराने टीम नावाचा नवा ड्रायव्हर आला. गाभा छोटा, निर्णय कर्नलबाहेरच्या प्रोग्रामकडे, रचना जुन्या बॉण्डिंगपेक्षा देखणी. पण बॉण्डिंग सगळ्यांच्या अंगवळणी पडलेले होते आणि त्यात सुधारणाही होत राहिल्या. रेड हॅटने आपल्या लिनक्सच्या नवव्या आवृत्तीत टीम मोडीत काढायचे जाहीर केले आणि टीमची मांडणी बॉण्डमध्ये बदलून देणारे टीम-टू-बॉण्ड हे अवजारही सोबत दिले. दहाव्या आवृत्तीत टीम नाही.